प्रकल्प हवा, पण कशाच्या बदल्यात?

चौथी-पाचवीच्या वर्गातल्या हुशार मुलाचं काय करायचं, या प्रश्नाला आपल्या शाळांचं उत्तर ठरलेलं आहे: त्याला जास्तीचं काम द्यायचं. दहा गणितं लवकर झाली, तर आणखी दहा. तीही झाली, तर शिष्यवृत्तीचा जादा तास, मग रविवारी स्पर्धा परीक्षेचा क्लास. आता या यादीत प्रकल्पाची भर पडली आहे. तो शनिवारी रात्री घरी सुरू होतो आणि सोमवारी सकाळी रिक्षातून, कोपरे दुमडू नयेत म्हणून आईच्या मांडीवर, शाळेत येतो.

प्रकल्पातून शिकणं प्राथमिक वर्गातल्या प्रज्ञावंत मुलांना मानवतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप 'जास्तीचं' या शब्दाला आहे. प्रकल्प द्यायचा असेल, तर त्या बदल्यात मुलाकडून काहीतरी काढून घ्या. त्याला आधीच येत असलेला भाग त्याच्या वेळापत्रकातून वगळा आणि मोकळा झालेला वेळ, शाळेच्या वेळेतच, प्रकल्पाला द्या. हे करायची तयारी नसेल, तर प्रकल्प न दिलेलाच बरा.

आपल्याकडे प्रकल्प हा शब्द एवढा स्वस्त कसा झाला, तेही पाहायला हवं. राज्यात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या आठ साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्या जोडीला प्रकल्पही होता. हेतू चांगलाच होता. पण साधनाला गुण जोडले गेले, गुणांना नोंदवही आली आणि नोंदवहीला पुरावा लागू लागला. पुरावा म्हणजे काहीतरी दिसायला हवं. मग शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात 'पाण्याचे स्रोत', 'वाहतुकीची साधने', 'आपले सण' असे तयार चित्रसंच मिळायला लागले. कापा, चिकटवा, खाली नाव लिहा. हुशार मुलाची हुशारी अक्षर वळणदार काढण्यात आणि थर्माकोलचा ज्वालामुखी लाल रंगवण्यात खर्च होते. त्या ज्वालामुखीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं की फेस येतो. पण तो येणार हे सगळ्यांनाच आधीपासून ठाऊक असतं. ज्याचं उत्तर सुरुवातीलाच ठाऊक आहे त्याला प्रात्यक्षिक म्हणावं, प्रकल्प म्हणू नये.

दुसऱ्या टोकाला परीक्षा आहे. प्राथमिक स्तरावरच्या शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. भागाकार करून पाहा: एका प्रश्नाला ७२ सेकंद. ही परीक्षा वाईट आहे असं नाही. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना पहिली ओळख आणि पहिला आत्मविश्वास तिनेच दिला. पण ७२ सेकंदांत जे दिसतं तेवढंच ती मोजते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रज्ञेची तीन वर्तुळांची मांडणी केली: सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जकता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती. तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे प्रज्ञावंत वर्तन दिसतं, असं त्यांचं म्हणणं. तिसरं वर्तुळ ७२ सेकंदांत दिसणं शक्यच नाही. एकच प्रश्न सहा आठवडे हातात राहिला की ते दिसतं, किंवा ते नाही हे तरी कळतं. शिष्यवृत्तीच्या यादीत पहिलं आलेलं मूल तिसऱ्या आठवड्यात कंटाळतं आणि यादीत कुठेच नसलेलं मूल मधल्या सुट्टीत नोंद घ्यायला धावतं, असं होऊ शकतं. म्हणून चाळण आधी आणि प्रकल्प शेवटी ही रचना मला उलटी वाटते. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसारख्या चांगल्या उपक्रमातही प्रकल्पाचा टप्पा लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षांनंतर येतो. स्पर्धेच्या सोयीसाठी ते समजू शकतं. वर्गाने मात्र तीच रचना उचलायचं कारण नाही.

तर आधी काढून घेण्याचं पाहू, कारण सगळं तिथेच अडतं.

पाचवीचं गणित घ्या, अपूर्णांकांचा घटक. शिकवायला समजा दहा तासिका लागतात. घटक सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण वर्गाला दहा उदाहरणं द्यायची. ती प्रकरणाच्या शेवटच्या सरावातली असावीत, पहिल्या पानावरची नकोत. वेळ वीस मिनिटं. ज्यांची आठ किंवा जास्त बरोबर येतील, त्यांना त्यातली दोन उदाहरणं तोंडी समजावून सांगायला लावायची. ही तोंडी पायरी गाळू नका. छेद समान करून बेरीज बिनचूक करणारं मूल 'छेद समान का करायचा?' या प्रश्नावर गप्प होत असेल, तर त्याला रीत पाठ आहे, अपूर्णांक कळलेला नाही. त्याला सूट नाही. उलट एखाद्याची तीन चुकली, पण तिन्ही पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचीच असतील, तर त्याने फक्त त्या दोन तासिकांना बसायचं. ज्याला सगळंच येतं त्यानेही पूर्ण घटक सोडायचा नाही. नवं काही असेल त्या तीन तासिका वर्गाबरोबर, उरलेल्या सात मोकळ्या. ३५ मिनिटांची तासिका धरली, तर एका घटकातून चार तासांहून जास्त वेळ हाती येतो.

अभ्यासक्रम आक्रसण्याच्या या पद्धतीची चाचणी अमेरिकेत कनेटिकट विद्यापीठातल्या संशोधन केंद्राने केली होती. १९९३ च्या त्या अहवालात असं दिसलं, की उच्च क्षमतेच्या मुलांसाठी शिक्षकांनी एक किंवा अधिक विषयांतला ४० ते ५० टक्के भाग वगळला, तरी चाचण्यांतले त्यांचे गुण घसरले नाहीत. तिथली पुस्तकं आणि आपली पुस्तकं सारखी नाहीत, त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी उचलू नये. पण येत असलेलं पुन्हा शिकवल्याने काही वाढत नाही, हे समजायला अमेरिकेला जायची गरजही नाही.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. मोकळं झालेलं मूल शिक्षकांच्या हाताखाली लागतं. वह्या तपास, फळा पूस, मागच्या बाकावरच्याला पाढे म्हणून घे, ऑफिसात जाऊन हजेरीपट आण. मूल खूश असतं, कारण मॉनिटरकीचा मान मिळतो. बाईही खूश असतात. अपूर्णांक वगळून त्याच्या हाती मात्र शिपाईकाम येतं. मोकळ्या तासिकेला काम आधीच ठरलेलं असेल तरच ती मोकळी करावी.

आता ते काम कसं असावं? प्रदूषण, जागतिक तापमानवाढ, सौर ऊर्जा हे आठ-दहा वर्षांच्या मुलांचे प्रकल्प नव्हेत. ते भाषणांचे विषय आहेत. प्रश्न असा हवा की त्याची मोजणी शाळेच्या फाटकाच्या आत होईल, एक मोजणी एका तासिकेत उरकेल, निदान दोन उत्तरं शक्य असतील आणि शिक्षकांनाही खरं उत्तर माहीत नसेल. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. मुलं शिक्षकाच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचतात, आणि हुशार मुलं तर फारच पटकन.

शाळेचा गळका नळ घ्या. आपल्याकडे त्याची वानवा नाही. प्रश्न: या नळातून दिवसाला किती पाणी वाया जातं?

साहित्य: एक वाटी, औषधाच्या दुकानातली १० मिलीची बिनसुईची सिरिंज, घड्याळ, टाकीत बुडवून पातळी बघायला खुणा केलेली लांब काठी (ती मोठ्या माणसाने बुडवायची, मुलांनी टाकीवर चढायचं नाही) आणि एक वही. नळाखाली दहा मिनिटं वाटी ठेवायची, जमलेलं पाणी सिरिंजने ओढून मोजायचं. समजा सकाळी नऊला ४२ मिली भरलं. हुशार मूल तिथल्या तिथे तोंडी सांगतं: तासाला २५२, दिवसाला ६,०४८ मिली, म्हणजे सहा लिटर. झाला प्रकल्प. आता तक्ता रंगवायचा.

प्रज्ञावंत मुलांच्या वर्गात प्रकल्प फसतो तो इथेच, आणि फसतो वेगामुळे. गुणाकार बरोबर असतो, म्हणून कोणी थांबवत नाही. शिक्षकाने इथे एकच प्रश्न विचारायचा: दुपारीही एवढंच गळतं का? दुपारी तीनला मोजलं तर २७ मिली. का बरं? टाकी सकाळी भरलेली होती, वापरून पातळी खाली आली, दाब कमी झाला. मग रात्रीचं काय? रात्री शाळेत कोणी नसतं, पाणी वापरलं जात नाही, म्हणजे पातळी दुपारी होती जवळपास तिथेच राहणार आणि सकाळी पंप लागेपर्यंत नळ दुपारच्याच गतीने गळणार. आता हिशोब पुन्हा मांडा. नऊ ते तीन हे सहा तास ४२ आणि २७ च्या मधल्या गतीने, म्हणजे दहा मिनिटांना साडेचौतीस मिली, एकूण १,२४२ मिली. उरलेले १८ तास दुपारच्या गतीने, २,९१६ मिली. बेरीज ४,१५८ मिली. सहा लिटरांचे चारच्या आसपास आले. पहिलं उत्तर जवळजवळ दोन लिटरांनी चुकलं होतं, आणि त्यात गुणाकाराची चूक कुठेच नव्हती. दहा वर्षांच्या ज्या मुलाचं गणित आजवर कधी चुकलेलं नाही, त्याला याहून मोलाचा धडा सापडणं कठीण. मग कोणीतरी विचारतं, रविवारचं काय? तो प्रश्न आला की प्रकल्प मुलांचा झाला असं समजायचं.

प्रत्यक्षात आकडे एवढे शहाण्यासारखे वागत नाहीत. ४२, २७, मग अचानक ६१, मग ९. कारण नळ. मधल्या सुट्टीत शंभर हात त्या नळाला लागतात आणि प्रत्येक जण तो वेगळ्या जोराने पिळतो. वायसर झिजलेला असला की पाव फेऱ्याचाही फरक पडतो. दोन-तीन दिवस मुलांना हे कळत नाही, ती चिडतात, एकमेकांना खोटं ठरवतात. ही चिडचिड होऊ द्यावी. उपाय त्यांनाच सुचतो: नळाची मूठ सुतळीने बांधायची आणि वर 'वापरू नका' अशी पाटी. मग दुसरा वाद, बांधलेल्या नळाचं गळणं हे खरं गळणं का? याला एक उत्तर नाही. वहीत दोन्ही बाजू लिहायच्या, कोणती निवडली आणि का तेही लिहायचं. प्रत्येक वेळी तीन मोजण्या घ्यायच्या, एकीवर विसंबायचं नाही. आठवड्याला दोन तासिका आणि सहा आठवडे एवढा वेळ या एका नळाला सहज पुरतो. पहिला आठवडा साधनं आणि कोष्टक, दुसरा-तिसरा मोजण्या आणि गोंधळ, चौथ्यात नळ बांधून पुन्हा मोजण्या, पाचव्यात हिशोब. सहाव्यात शाळा व्यवस्थापन समितीला पत्र: एवढं पाणी जातं, वायसर बदलायला एवढा खर्च येतो. वायसर काही रुपयांचा असतो. तो बदलल्यावर पुन्हा एकदा मोजायचं, हे मात्र बहुतेक जण विसरतात.

प्रकल्पाच्या पद्धतीवरचा एक गंभीर आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये लिहिलेल्या निबंधात म्हटलं, की अल्प मार्गदर्शनात शोधत शिकणं नवशिक्यांना झेपत नाही. मेंदूची कार्यकारी स्मृती, म्हणजे काम करताना गोष्टी डोक्यात धरून ठेवायची मर्यादित जागा, शोधाशोधीतच संपते, शिकायला काही उरत नाही. हा आक्षेप बरोबर आहे. याच परंपरेतल्या संशोधनाची दुसरी बाजू अशी, की ज्यांना विषय चांगला येतो त्यांना तपशीलवार मार्गदर्शन उलट अडथळा होतं. प्रज्ञावंत मुलांच्या प्रकल्पांचे समर्थक ही दुसरी बाजू पटकन उचलतात: बघा, यांना मोकळं सोडा. इथे घोटाळा आहे. हुशार असणं आणि माहीतगार असणं या दोन गोष्टी निराळ्या. दहा वर्षांचं तल्लख मूल अपूर्णांकांत माहीतगार असेल, पण मोजमाप कसं घ्यावं, कोष्टकाला रकाने किती, सरासरी कधी काढावी आणि कधी काढू नये, यात ते नवशिकंच असतं. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत सरळ शिकवायचं, फळ्यावर, उदाहरण सोडवून दाखवून. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा कसा काढायचा, आकडा डोळ्याच्या रेषेत धरून कसा वाचायचा, हे 'शोधून काढा' म्हणण्यात काही शहाणपण नाही. तिसऱ्या आठवड्यापासून सांगणं बंद, फक्त प्रश्न. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. सुरुवातीला 'तुम्हीच विचार करा' आणि प्रदर्शनाची तारीख जवळ आली की सर स्वतःच कात्री हातात घेतात.

गट तिघांचा असावा. पाच-सहांच्या गटात सगळा विचार एक मूल करतं, दुसरं लिहितं, बाकीचे रंग भरतात. तीनही मुलं तल्लख असतील, तर भांडणं जास्त होतात, पण काम खरं होतं. मोजणारा, नोंदणारा आणि शंका काढणारा अशी कामं दर आठवड्याला फिरवावीत. शंका काढायचं काम मुलांना सुरुवातीला जमत नाही, ती एकमेकांची चेष्टा करू लागतात. शंका आकड्यावर घ्यायची, माणसावर नाही, हे आठ-दहा वेळा तरी सांगावं लागतं. आणि काही तल्लख मुलांचा हात डोक्याच्या मागे असतो. बोलताना तीन मुद्दे, वहीत अर्धी ओळ. त्यांनी बोलावं आणि दुसऱ्याने लिहून घ्यावं, यात काही बिघडत नाही.

पालकांसाठी एकच नियम: प्रकल्प घरी जाणार नाही. वही, सिरिंज, कोष्टक सगळं शाळेच्या कपाटात. हा नियम कठोर वाटतो, पण वडील इंजिनिअर असलेलं मूल आणि वडील ऊसतोडीला गेलेलं मूल यांना एका पातळीवर आणणारा दुसरा उपाय मला दिसत नाही.

मूल्यमापनात आपली एक जुनी सवय आड येते: 'वही फेअर करून आणा.' फेअर वहीत खोडलेला ६१ चा आकडा राहत नाही, आणि सगळी गंमत त्या ६१ मध्ये होती. नोंदी पेनानेच हव्यात. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, शेजारी कारण. खोडरबर बंद. पाहायचं ते एवढंच: प्रश्न मोजता येण्यासारखा केला का, न आवडलेले आकडेही ठेवले का, आकडे पाहून मत बदललं का आणि दुसऱ्या वर्गातल्या मुलाने विचारलं तर मुलाला स्वतः सांगता येतं का. तक्त्याच्या सजावटीला शून्य. गुण द्यावेच लागत असतील, तर ते वहीला द्या, मॉडेलला नकोत.

राहिला समतेचा मुद्दा. हुशार मुलांचा वेगळा वर्ग म्हटलं की अंगावर काटा येणारे लोक आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी करायला मनाई केली आहे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून प्रज्ञावंतांच्या शिक्षणाचं मोठं काम उभं केलं, पण निवडीवर उभी असलेली तशी रचना प्रत्येक तालुक्यात उभी करता येणार नाही आणि प्राथमिक वयात करूही नये. सातव्या-आठव्या वर्षी 'प्रज्ञावंत' असा शिक्का बसला की त्याचा भार मुलालाच वाहावा लागतो, आणि ज्याला बसला नाही त्याचे आईबाप क्लास शोधायला लागतात. घटकाआधीच्या चाचणीचा फायदा असा, की तिथे मूल निवडायचं नसतं, घटक निवडायचा असतो. अपूर्णांकात मोकळा झालेला भूमितीत वर्गाबरोबर बसतो. नकाशाच्या घटकात तिसऱ्याच कोणाला सूट मिळते. दार फिरतं राहतं. कोरकू किंवा पावरी अशी आदिवासी भाषा बोलणाऱ्या घरातून आलेलं मूल मराठी उताऱ्यावरच्या प्रश्नांत मागे पडेल, पण आकड्यांच्या चाचणीत आणि नळाखालच्या वाटीशी ते मागे पडेलच असं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी विषयवार आणि प्रकल्पाधारित मंडळं काढायला सांगितलं आहे. चांगलं आहे. पण मंडळ म्हटलं की ते शाळा सुटल्यावर भरतं, आणि शाळा सुटल्यावर शहरातलं मूल थांबू शकतं. एसटीने येणारं, धाकट्या भावंडाला सांभाळणारं, शेळ्या घरी आणणारं मूल थांबू शकत नाही. मोकळी केलेली तासिका अकरा वाजता असते, एसटी त्यानंतर येते.

'दोन शिक्षकी शाळेत हे कसं जमायचं?' असं विचारलं जाईल. मला तर ते तिथेच जास्त सोपं वाटतं. दोन-दोन इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात, सर दुसऱ्या इयत्तेकडे असताना आपलं काम आपण करायचं, ही मुलांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट असते. ६० मुलांच्या शहरी तुकडीतच ते अवघड आहे, कारण तिथे एक मूल बाकावरून उठलं की शिस्त मोडल्यासारखं वाटतं.

खरी अडचण चाचण्यांची आहे. प्रत्येक घटकाआधी दहा उदाहरणं काढणं, तपासणं, दोन तोंडी विचारणं हे माहिती भरण्यात आधीच बुडालेल्या शिक्षकाने वर्षभर करावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. हे काम राज्य पातळीवर एकदाच करता येईल. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेतच. तिसरी ते पाचवीच्या गणिताच्या आणि परिसर अभ्यासाच्या प्रत्येक घटकासाठी दहा प्रश्नांची पूर्वचाचणी, तोंडी विचारायचे दोन प्रश्न आणि 'हे येत असेल तर या तासिका वगळा' अशी एक ओळ, एवढं शिक्षकांसाठी तिथे ठेवता येईल. सोबत केंद्रप्रमुखांना एक सूचना हवी: शाळाभेटीत तीन मुलं वर्गाबाहेर नळाशी बसलेली दिसली, तर शेरा लिहिण्याआधी त्यांची वही मागून बघा.